एका मासोळीचं बाळंतपण

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सभासदांसमोर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)





कमिटीनं मला सांगितलं, "बाई, सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, चार शब्द बोला." सोसायटीवर बोलायला माझ्यापेक्षा जाणती माणसं इथं बसली आहेत. प्लॉट कसा मिळाला, कर्ज कसं फेडलं, पहिली बोअर कोरडी गेली तेव्हा काय झालं, हे ते सांगतीलच. मी म्हटलं, मी माशांवर बोलते. सेक्रेटरीसाहेब हसले, पण कार्यक्रमपत्रिकेत विषय छापला. कारण गेली तीन वर्षं माझ्या घरचे मासे हा आपल्या सोसायटीत चर्चेचा विषय आहेच.

तळमजल्यावर माझ्या हॉलमध्ये सहा फूट लांबीची काचेची टाकी आहे, ती तुम्ही बहुतेकांनी पाहिली आहे. बघायला येणाऱ्यांचे प्रश्न तीनच असतात. एवढ्या पाण्याचं काय करता? मासे कितीला आणले? आणि पिल्लं झाली का? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज देते. दुसऱ्याचं उत्तर मी अजून आमच्या घरीसुद्धा दिलेलं नाही, त्यामुळं ते राहू द्या.

आधी मासे कोण ते सांगते. आफ्रिकेत टांगानिका नावाचं सरोवर आहे. बुरुंडी, काँगो, टांझानिया आणि झांबिया अशा चार देशांच्या मध्ये. लांबी साधारण ६७० किलोमीटर. इथून मुंबई चारशेच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज करा. खोली १४७० मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे कळसूबाई त्या तळ्यात उभं केलं, तर वर नुसतं टोक राहील. या सरोवरात सिक्लिड घराण्यातल्या माशांच्या सुमारे अडीचशे जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडं कुठंच सापडत नाहीत.

त्यातल्या काही जातींना हौशी लोक फेदरफिन म्हणतात, म्हणजे पिसासारखे पर असलेले. माझ्याकडं आहे त्या जातीचं शास्त्रीय नाव ऑफ्थॅल्मोटिलापिया व्हेन्ट्रालिस. आपल्या पोरांनी हे नाव पाढ्यांपेक्षा लवकर पाठ केलंय. नर वीतभराच्या आतबाहेर, निळसर झळाळीचा. मादी त्याहून लहान, साधी, रुपेरी राखाडी. नराच्या पोटाखालचे दोन पर इतके लांब असतात की पोहताना ते शेपटीकडं दोऱ्यासारखे लोंबत जातात, आणि त्या दोऱ्यांच्या टोकाला पिवळे गोंडे असतात. हे गोंडे लक्षात ठेवा. गोष्टीत पुढं त्यांचं काम आहे.

आता पाण्याचं. दुष्काळी तालुक्यात राहून माशांसाठी सहाशे लिटर पाणी भरून ठेवायचं, हे काहींना पटत नाही, आणि न पटण्यासारखं ते आहेच. आपण सगळ्यांनी टँकरच्या मागं घागरी घेऊन धावाधाव केलेली आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे जायची, ती आपल्याच स्टेशनवरून जायची. आपल्याला तहान लागलेली असताना पाणी डोळ्यांसमोरून जाताना आपण बघितलंय. पुढं म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी तालुक्यात फिरलं, तेव्हा जरा श्वास घेतला. म्हणून हिशोब सांगते. टाकी एकदाच भरते. आठवड्याला त्यातलं साधारण पाचवा हिस्सा पाणी बदलावं लागतं, म्हणजे सव्वाशे लिटर. ते काढलेलं पाणी मोरीत जात नाही. माशांच्या विष्ठेतून त्यात नायट्रेट उतरलेलं असतं, ते झाडांना खत आहे. गेटजवळची जास्वंद, मागची दोन नारळाची झाडं आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनींची तुळस याच पाण्यावर आहे. ते सव्वाशे लिटर झाडांना एरवीही लागलंच असतं. आता ते वाटेत माझ्या माशांना भेटून जातं, एवढंच.

दुसरी गोष्ट, हे पाणी आपल्या बोअरचं आहे, जे कुणी प्यायला घेत नाही. ज्याच्यात डाळ शिजत नाही, बादलीला पांढरा थर धरतो, गीझरचं कॉइल दोन वर्षांत जातं, तेच पाणी. टांगानिकाचं पाणीसुद्धा असंच क्षारांचं आहे, त्याचा सामू नऊच्या आसपास असतो. इथल्या द्राक्षबागायतदारांना सामू म्हणजे काय ते मी सांगायला नको. फवारणीच्या पाण्याचा सामू खाली आणायला ते धडपडतात, मला तो चढाच हवा असतो. ज्या पाण्याला आपण पंचवीस वर्षं नावं ठेवली, ते या माशांना मानवलं. तरी कुणी लगेच बोअरचं पाणी भरून मासे सोडू नका. आधी तपासून घ्या. रानात खतं पडतात, ती भूजलात उतरतात, आणि काही बोअरमध्ये नायट्रेट आधीच जास्त असतं. आणखी एक धोका आहे. सामू जेवढा चढा, तेवढा पाण्यातला अमोनिया माशाला जास्त विषारी. म्हणून या माशांना जास्त खायला घालून चालत नाही. उरलेलं अन्न कुजलं की पहिला फटका त्यांनाच. त्यात हे मूळचे दगडावरचं शेवाळ आणि पाण्यातले बारीक जीव टिपून खाणारे. त्यांना जड खाणं बाधतं. पोरांनो, बिस्किटाचा चुरा का टाकू देत नाही, ते आता कळलं का?

आता मूळ विषय.

टाकीत तीन नर आणि सात माद्या आहेत. तिघं नर असले तरी रंग एकाच्याच अंगावर असतो. जो दादा ठरतो तो निळा होतो. बाकीचे दोघं फिके, माद्यांसारखेच दिसतात. बहुधा तोच त्यांचा बचाव असावा, कारण निळा झालेला नर दुसऱ्या निळ्याला सुखानं राहू देत नाही. हा दादा एक दिवस कामाला लागतो. तोंडात वाळू भरतो, थोडं दूर जाऊन थुंकतो, परत येतो, परत भरतो. सकाळी दिवा लावल्यापासून रात्री मालवेपर्यंत. दोन-तीन दिवसांत वाळूत एक गोल खळगा तयार होतो, काठ उचललेला, मधला भाग साफ. आपल्याकडं घमेल्यानं बांधकाम करतात, हा तोंडानं करतो. कुणी मुद्दाम एक खडा खळग्यात टाकला, तर तो उचलून बाहेर टाकतो. हे पोरांनी करून पाहिलंय, मला माहीत आहे.

पण हे घर राहण्यासाठी नाही. पिल्लं त्यात वाढत नाहीत, मादी त्यात राहत नाही. तो मांडव आहे. नर मादीपुढं जाऊन थरथरतो, तिला खळग्याकडं घेऊन येतो, ती येते, बघते, निघून जाते. दिवसभर हेच. बांधतो तो, निवडते ती. एखादे दिवशी ती थांबते. खळग्यात उतरते, एक-दोन अंडी घालते आणि लगेच वळून ती तोंडात उचलून घेते. सगळं काही क्षणांत. अंडं उघड्यावर राहिलं तर दुसरा मासा खाणार, म्हणून ही घाई.

इथं ते पिवळे गोंडे कामाला येतात. नर आपले लांब पर वाळूवर पसरतो. गोंड्यांचा आकार आणि रंग अंड्यासारखा. मादीला वाटतं, एक अंडं राहिलं. ती ते उचलायला तोंड नेते, आणि त्याच वेळी नर सोडतो ते बीज तिच्या तोंडात जातं. अंडी तिथं, तोंडातच, फळतात. सिक्लिड माशांच्या अंगावरच्या अशा 'नकली अंड्यांवर' जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग विकलर यांनी १९६२ साली 'नेचर' या नियतकालिकात लिहिलं होतं. पुढं २०११ मध्ये बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी याच व्हेन्ट्रालिस जातीचा अभ्यास केला. त्यात दिसलं की मादी एकाहून जास्त नरांकडं जाते आणि एकाच खेपेच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. माशांच्या घरचा कारभार त्यांचा त्यांना, आपण काही बोलायचं नाही.

आता मादीच्या तोंडात काही डझन अंडी आहेत. हा आकडा फार कमी आहे. आपल्या तळ्यातली रोहू मासोळी लाखांनी अंडी घालते आणि निघून जाते. लाखातली काही जगली तरी तिचं भागतं. हिची अंडी मोजकी, म्हणून हिला प्रत्येक अंडं सांभाळावं लागतं. सुमारे तीन आठवडे तोंड मिटलेलं. जबडा हळूहळू हलत राहतो, काहीतरी चघळत असल्यासारखा. ती अंडी घुसळत असते. तशी घुसळली नाहीत, ताजं पाणी फिरलं नाही, तर त्यांना बुरशी धरते. हनुवटीखाली पिशवी फुगते. अंगावरचं मांस उतरतं. यांच्याच जवळच्या फर्सिफर जातीच्या माद्या या काळात थोडं खातात आणि त्यातलं तोंडातल्या पिल्लांनाही मिळतं, असं जपानी संशोधकांना टांगानिकात आढळलं. म्हणजे तोंड हीच खोली आणि तोंड हेच स्वयंपाकघर.

एवढं करूनही फसवणूक होतेच. त्याच सरोवरात ठिपक्यांचा एक मिशाळ मासा आहे. सिक्लिडची मादी अंडी घालत असताना तो मध्ये घुसतो आणि आपलीही अंडी टाकतो. घाईत ती सगळीच उचलते. तोंडात त्याची पिल्लं आधी बाहेर येतात आणि हिच्या पिल्लांना खाऊन वाढतात. तेत्सू सातो यांनी हे १९८६ साली जगापुढं मांडलं. आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात करते तेच, पण इथं घरटं म्हणजे आईचं तोंड.

माझ्या टाकीत तो मिशाळ नाही. तरी पहिल्या खेपेला चौथ्या दिवशी मादीचं तोंड रिकामं दिसलं. अंडी गिळली होती. तरुण मादीच्या पहिल्या खेपांना असं होतं, हे पाळणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्या खेपेला तीच मादी नवव्या दिवसापर्यंत गेली. दहाव्या दिवशी सकाळी ती इतरांबरोबर खायला आली, तेव्हाच मी समजले.

तिसऱ्या खेपेला खरा प्रश्न उभा राहिला. मुंबईतल्या ज्या हौशी गृहस्थांकडून मी हे मासे आणले, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "यावेळी बाराव्या दिवशी मादी काढा आणि पिल्लं काढून घ्या." याला स्ट्रिपिंग म्हणतात. मादीला ओल्या हातात धरायचं, पाण्याच्या भांड्यावर उलटी करायची, बोथट काडीनं खालचा जबडा हळूच उघडायचा, की पिल्लं खाली पडतात. मग ती वेगळ्या भांड्यात, हवेच्या बुडबुड्यांवर घुसळत ठेवायची. जगभर करतात. दुर्मीळ मासे वाढवायचे असतील, विकायचे असतील, तर त्यात हिशोब आहे. निम्मी पिल्लं टाकीत इतरांच्या पोटात जाण्यापेक्षा सगळी हातात आलेली बरी. शिवाय मादीला आठ-दहा दिवस आधी खायला मिळतं. ही बाजू काही लंगडी नाही.

दुसरी बाजू अशी की मादी हातात धरली म्हणजे तिच्या अंगावरचा चिकट थर निघतो, जबड्याला इजा होऊ शकते, आणि ती घाबरून त्याच क्षणी सगळं गिळूही शकते. आणि मला मनातून वाटत होतं की दोन वेळा अपुरं राहिलेलं काम ती या वेळी पुरं करण्याच्या वाटेवर आहे. चौथा दिवस, नववा दिवस, अशी ती पुढं सरकत होती. बाराव्या दिवशी मी तोंड उघडलं, तर पिल्लं मिळतील, पण तिला जमतं का, ते कळायचं राहून जाईल.

घरात दोन तट पडले. मुलगा म्हणाला, काढून घे, एवढा खर्च केलाय. सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या, त्यांनी आयुष्यात मासा पाळला नाही. त्या खुर्चीवरून म्हणाल्या, "अगं, बाळंतिणीच्या खोलीत सारखं डोकवायचं नसतं. तिचं तिला करू दे." मी कालनिर्णयवर बावीसाव्या दिवसाभोवती गोल केला आणि काडी कपाटात ठेवली.

आता या गोष्टीत सोसायटी येते. मादीनं अंडी उचलली त्यानंतर पाचव्या दिवशी गणेश चतुर्थी. आपला मांडव दरवर्षी माझ्या खिडकीला लागून असतो आणि मोठा स्पीकर माझ्या भिंतीला टेकलेला. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीनं जास्त वेगानं जातो. माशाला कान बाहेर दिसत नाहीत, पण आतून ऐकू येतं, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना जी रेघ असते तिनं पाण्यातली थरथर कळते. ढोल वाजला की माझे मासे कोपऱ्यात एकमेकांवर चढायचे, हे मी आधीच्या वर्षी पाहिलं होतं. तोंडात पिल्लं असलेल्या मादीला एवढं कारण पुरेसं होतं.

मी स्वतः कमिटीकडं गेले नाही. वर्षातून एकदा येणारा देव, त्याच्यापुढं माशाचं कुठं काढायचं, असं वाटत होतं. पण समोर बसलेली ही पोरं गेली. संध्याकाळी माझ्याकडं येऊन दिवस मोजणारी आठ-दहा जणं. त्यांनी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की बाईंच्या टाकीत मासोळी बाळंत व्हायची आहे, स्पीकर भिंतीवरून काढा. त्या मीटिंगमध्ये दोन तासांपासून पार्किंगवरून वाद चालला होता. सगळे हसले आणि पहिल्यांदा एक ठराव एकमतानं झाला. स्पीकर गेटकडं गेला, तोंड रस्त्याकडं. आरती तेवढ्याच जोरात झाली. आणि खरं सांगते, तळमजल्यावरच्या तीन घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनाही त्या वर्षी दहा दिवस झोप लागली. मागणी माशाच्या नावानं झाली, उपयोग सगळ्यांना झाला.

त्या दहा दिवसांत दोन वेळा लाइट गेली. हवेचा पंप बॅटरीवर आहे, तो चालू राहिला. उकाडा वाढला की पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून झाकण काढून पाण्यावर टेबलफॅन सोडला. याशिवाय मी काही केलं नाही. बारावा दिवस गेला. पंधरावा गेला. विसर्जन झालं. मादी बारीक झाली होती, दगडाच्या कपारीत एकटी थांबायची, आणि दादा जवळ आला की सरकून दुसऱ्या कपारीत. हनुवटीच्या पातळ कातडीतून आता काळे ठिपके दिसायला लागले होते. ते पिल्लांचे डोळे.

बावीसावा दिवस पितृपंधरवड्यात आला. आपल्याकडं त्या दिवसांत शुभकार्य करत नाहीत, पण बाळंतपण कुणासाठी थांबत नाही. सकाळी मी दिवा लावला, तर टाकीच्या वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी पृष्ठभागाला लागून, बारीक काड्यांसारखी पिल्लं एका घोळक्यात उभी. मोजली, सतरा भरली. मादी खाली कपारीत होती, तोंड उघडं-मिटं करत. दुपारी ती खायला आली. त्या दिवशी तिला दोन वेळा वाढलं.

सतरातली आज नऊ आहेत. बाकीची इतरांनी खाल्ली किंवा जगली नाहीत. काढून घेतली असती तर कदाचित पंधरा-सोळा राहिली असती, हा हिशोब मी लपवत नाही. पण त्यानंतर त्याच मादीनं दोन खेपा पूर्ण केल्या आहेत, माझ्या मदतीशिवाय. मला नऊ पिल्लं मिळाली आणि एक आई मिळाली. मुंबईच्या गृहस्थांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही धंदा करणार नाही." ते बरोबरच बोलले.

आता पोरांसाठी एक गोष्ट, आणि मोठ्यांसाठी एक विनंती.

पोरांनो, हे सगळं बघायला आफ्रिकेच्या माशाचीच गरज आहे असं नाही. आपल्या तळ्यांत मिळते ती चिलापी बाजारात सगळ्यांनी पाहिलीय. तीही सिक्लिडच, आणि मूळची आफ्रिकेचीच. मोझांबिक तिलापिया ही तिची जात १९५२ साली भारतात आणली. तिचा नरही तळात गोल खळगे करतो. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी मागं सरकलं की काठच्या चिखलात थाळीसारखे खळगे उघडे पडतात, ते बघा. तिची मादीही तोंडात पिल्लं सांभाळते, आणि ती तर सोडलेली पिल्लं धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते. भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच. त्यातला एक गोव्याकडं कालुंदर आणि केरळात करीमीन म्हणून मिळतो. तो तोंडात घेत नाही, पण आई-बाप दोघं मिळून अंडी राखतात.

चिलापी आणली ती स्वस्त मासा मिळावा म्हणून. पण इतकी काळजी घेणाऱ्या माशाची पिल्लं भरपूर जगतात, आणि ती बघता बघता तळी व्यापते. मग तिथल्या मूळ माशांना जागा उरत नाही. परदेशी मांगूर आला, त्याच्यावर तर सरकारला बंदी घालावी लागली. म्हणून मोठ्यांना विनंती. घरात पाळलेला कुठलाही मासा कंटाळा आला म्हणून, मोठा झाला म्हणून किंवा पुण्य मिळतं म्हणून अग्रणीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका. डासांसाठी विहिरीत गप्पी सोडतात, त्याचा दाखला मला देऊ नका, ते आरोग्य खात्याचं बघून केलेलं काम आहे. नको असलेला मासा मला आणून द्या, मी त्याची सोय बघीन.

माझ्याकडच्या नऊ पिल्लांपैकी चार द्यायची आहेत. चिठ्ठ्या टाकून नाही. ज्याच्या घरी कमीत कमी पाच फुटांची टाकी, तपासलेलं पाणी आणि हवेच्या पंपाला बॅटरी असेल, त्याला. वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर आधी सेक्रेटरीसाहेबांना विचारा. भरलेली मोठी टाकी पाऊण टनाच्या पुढं जाते, स्लॅबचा विचार करावा लागतो. आणि ज्याला हे जमणार नाही, त्यानं माझ्याकडं येऊन बघावं. दार उघडंच असतं.

सध्या दुसरी एक मादी तोंड मिटून बसली आहे. आज तिचा आठवा दिवस. तिची ही पहिलीच खेप. काय होईल ते आपण बघू. संध्याकाळी सात ते आठ कधीही या. चपला बाहेर, मोबाईलचा फ्लॅश बंद, आणि काचेवर टिचकी मारायची नाही.

माझं बोलणं लांबलं असेल तर सांभाळून घ्या. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षांच्या शुभेच्छा, आणि स्पीकर हलवणाऱ्या त्या ठरावाला माझ्याकडून आणि त्या नऊ जणांकडून धन्यवाद.